भाड्याने दिलेला वाडा विकताना : भांडवली नफ्यावरील कराचा विचार

(व्याख्यानाचा मजकूर)



शनिवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याची पायाभरणी झाली आणि पुढे या परिसरात वाड्यांची दाटी झाली. त्या वाड्यांतील बरेच आज उरलेले नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या शनिवार व नारायण पेठांतील कित्येक घरे पाण्यात गेली. जी वाचली, त्यांतील अनेक वाड्यांत मालकाचे कुटुंब एका खणात, उरलेल्या खोल्यांत भाडेकरू आणि रस्त्याच्या बाजूला दुकाने, अशी रचना दीर्घकाळ टिकली. अशा वाड्याची विक्री करण्याची वेळ आली म्हणजे मालकापुढे पहिला प्रश्न येतो तो गिऱ्हाइकाचा, आणि दुसरा कराचा. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार बहुधा व्यवहार पुरा झाल्यावर होतो. प्रस्तुत विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : भांडवली नफ्यावरील कर न्याय्य मार्गाने कमी होऊ शकतो, परंतु त्याची बहुतेक तजवीज साठेखतावर सही होण्यापूर्वी करावी लागते.

भाडे गोठले, किंमत वाढली

मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ साली आला. त्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली व्यक्त केले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकास मिळाला. पण ज्या खोलीचे भाडे महिना ४० रुपये आहे, तिथे ४ टक्के म्हणजे १ रुपया ६० पैसे. त्यातून कौलेही शाकारून होत नाहीत.

अशा रीतीने वाड्याचे उत्पन्न क्षीण झाले, आणि त्याच वेळी खालच्या जमिनीची किंमत मात्र अनेक पटींनी वाढली. भांडवली नफा म्हणतात तो या वाढीलाच. वर्षानुवर्षे ज्या मिळकतीने मालकाला जवळपास काही दिले नाही, तिच्या विक्रीत एकाच वर्षी मोठी रक्कम हाती येते आणि तिच्यावर कर उभा राहतो. मालकाला तो अन्यायाचा वाटतो, हे स्वाभाविक आहे. तथापि कायद्याने या अडचणीची दखल मुळीच घेतलेली नाही असे नाही. महागाईचा विचार, नव्या घरात गुंतवणूक, रोखे, जुन्या तारखेचे मूल्य अशा वाटा कायद्यातच आहेत. त्या माहीत असणे एवढेच मालकाचे काम.

भारतात हा कर प्रथम १९४७ च्या अर्थसंकल्पाने आला, १९४९ साली मागे घेतला गेला आणि १९५६ च्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ पासून, पुन्हा लागू झाला. पुढे तो आयकर अधिनियम, १९६१ मध्ये समाविष्ट झाला. त्या अधिनियमाची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने १ एप्रिल २०२६ पासून घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी सवलतींचा गाभा तोच आहे. कुटुंबांच्या कागदपत्रांत आणि सल्लागारांच्या बोलण्यात जुने क्रमांकच रुळलेले असल्याने येथेही तेच वापरले आहेत.

मालक कोण, हे प्रथम ठरवावे

करआकारणी मिळकतीवर होत नाही, मालकावर होते. म्हणून सात-बारा वा मालमत्तापत्रकावर कोणाचे नाव आहे, एवढे पाहून भागत नाही. वाडा अविभक्त हिंदू कुटुंबाचा आहे, की वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेतून वारसाहक्काने मुलामुलींकडे आलेला आहे, हा फरक मोठा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे आणि आयकरातील अविभक्त कुटुंबाची कल्पनाही जैन घरांना लागू होते.

समजा, एका वाड्याच्या विक्रीत १ कोटी ३० लाख रुपये नफा झाला. वाडा जर तीन भावंडांकडे समान हिश्श्याने वैयक्तिक वारसा म्हणून आलेला असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४३ लाख ३३ हजार रुपये नफा येतो. पुढे ज्या रोख्यांचा उल्लेख येईल, त्यांची ५० लाखांची मर्यादा प्रत्येकास स्वतंत्र मिळते, नवे घर घेण्याची सवलतही प्रत्येकास स्वतंत्र. तोच वाडा जर अविभक्त कुटुंबाचा असेल, तर कुटुंब हा एकच करदाता. त्याला रोख्यांची मर्यादा एकदाच. विक्रीचे पैसे भावांनी आपसांत वाटून घेतले म्हणून तो नफा भावांचा होत नाही. शिवाय ३१ डिसेंबर १९७८ नंतर झालेली आंशिक वाटणी आयकर कायदा मानत नाही. वाटणी करावयाची तर ती खरी, पूर्ण आणि वेळेत झालेली हवी. गिऱ्हाईक ठरल्यावर घाईने केलेला कागद तपासणीत टिकणे अवघड असते.

मुलींच्या हिश्श्याचाही येथे विचार करावा लागतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस मुलाप्रमाणे सहदायाद केले. २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. लग्न होऊन सांगली, सोलापूर वा सुरतेस गेलेल्या बहिणीची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून राहिली, तर विक्री अडते, आणि विक्री अडली म्हणजे सवलतींच्या मुदतीही विस्कटतात. बहिणीला तिचा हिस्सा प्रामाणिकपणे मोजून दिल्यास कराचे ओझेही विभागले जाते. येथे न्याय आणि व्यवहार एकाच बाजूला आहेत.

जुनी किंमत : १ एप्रिल २००१

नफा म्हणजे विक्रीकिंमत वजा खरेदीकिंमत. पण आजोबांनी १९३८ साली काही हजारांत घेतलेल्या वाड्याची खरेदीकिंमत धरली तर जवळजवळ सगळी विक्री नफा ठरेल. म्हणून १ एप्रिल २००१ पूर्वी मिळालेल्या मिळकतीसाठी मालकास त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य खरेदीकिंमत म्हणून धरता येते. पूर्वी ही तारीख १ एप्रिल १९८१ होती. ती २०१७ च्या वित्त अधिनियमाने बदलली. वारसाने, मृत्युपत्राने किंवा बक्षिसाने आलेल्या मिळकतीत पूर्वीच्या मालकाची किंमत आणि त्याचा काळ दोन्ही नव्या मालकास लाभतात. महागाई निर्देशांकही पूर्वीच्या मालकाच्या काळापासून मोजावा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे.

२००१ चे मूल्य मनाने लिहून चालत नाही. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. २०२० च्या दुरुस्तीने एक मर्यादाही घातली आहे. जमीन व इमारतीच्या बाबतीत हे मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून, म्हणजे त्या वर्षीच्या रेडी रेकनरने येणाऱ्या मूल्याहून, जास्त धरता येत नाही. म्हणून मूल्यांककास २००१ चा तक्ता, नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ आणि बांधकामाचे वय पुरवणे अगत्याचे आहे. २००१ नंतर वाड्यात नवा जिना, स्लॅब किंवा स्वच्छतागृहे यांसारखी भांडवली सुधारणा केली असेल, तर तिची बिलेही उपयोगी पडतात. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी त्यात बसत नाही. त्यासाठी भाडे उत्पन्नातून दरवर्षी ३० टक्क्यांची वजावट मिळालेलीच असते.

दोन हिशेब, त्यांतील कमी तो कर

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील कराचा दर १२.५ टक्के झाला, पण त्याबरोबर महागाई निर्देशांकाची वजावट काढून घेण्यात आली. जमीन व इमारतीसाठी दीर्घ मुदत म्हणजे २४ महिन्यांहून अधिक काळ. या बदलाने जुन्या मिळकतींच्या मालकांत चिंता पसरली, तेव्हा सरकारने एक पर्याय ठेवला. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेली जमीन वा इमारत विकणाऱ्या निवासी व्यक्तीला आणि अविभक्त कुटुंबाला दोन्ही हिशेब करता येतात : निर्देशांकाविना १२.५ टक्के, किंवा निर्देशांकासह २० टक्के. जो कर कमी तो भरावा.

उदाहरणाने हे उमजेल. एक वाडा २०२५-२६ या आर्थिक वर्षात १ कोटी ५० लाख रुपयांस विकला गेला, आणि त्याचे १ एप्रिल २००१ चे मूल्य २० लाख रुपये होते असे समजू. २००१-०२ चा निर्देशांक १००, २०२५-२६ चा ३७६. म्हणजे २० लाखांची किंमत निर्देशांकाने ७५ लाख २० हजार होते. नफा ७४ लाख ८० हजार, त्यावर २० टक्के म्हणजे १४ लाख ९६ हजार रुपये. निर्देशांकाविना नफा १ कोटी ३० लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १६ लाख २५ हजार. येथे जुना हिशेब १ लाख २९ हजारांनी फायद्याचा. पण २००१ चे मूल्य केवळ १० लाख असेल, तर जुन्या पद्धतीने कर २२ लाख ४८ हजार आणि नव्या पद्धतीने १७ लाख ५० हजार होतो. येथे नवा हिशेब बरा.

२०२५-२६ च्या निर्देशांकानुसार ढोबळ ठोकताळा असा की विक्रीकिंमत २००१ च्या मूल्याच्या सुमारे ८.३६ पटींहून कमी असेल तर निर्देशांक लाभदायक, जास्त असेल तर १२.५ टक्के लाभदायक. ज्या वर्षी विक्री होईल त्या वर्षीच्या निर्देशांकाने हा पट बदलतो. या आकड्यांवर ४ टक्के उपकर आणि उत्पन्न मोठे असल्यास अधिभारही येतो. सवलती घ्यावयाच्या असतील तर दोन्ही हिशेब सवलतींसह शेवटपर्यंत करून मगच तुलना करावी.

हा दुहेरी पर्याय सर्वांना नाही. परदेशी स्थायिक झालेल्या अनिवासी मुलास, भागीदारी पेढीस, कंपनीस वा विश्वस्त संस्थेस तो मिळत नाही. भावांपैकी एक अमेरिकेत असेल तर त्याच्या हिश्श्याचा हिशेब वेगळा होतो, आणि खरेदीदारालाही त्याच्या हिश्श्यातून अधिक दराने करकपात करावी लागते. त्याने आधीच अर्ज करून कमी कपातीचा दाखला मिळवणे हिताचे. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख वा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापतो, तो भरलेल्या कराच्या खाती जमा दिसतो की नाही हे तपासावे.

दुसरे उत्पन्न नसलेल्या वृद्ध निवासी विक्रेत्यांनी एक गोष्ट विसरू नये. करमुक्त उत्पन्नाच्या मूळ मर्यादेतील न वापरलेला भाग या नफ्यातून वजा होऊ शकतो.

राहते खण आणि दुकानांचे गाळे

नव्या घरासाठीची प्रमुख सवलत, जुन्या कायद्यातील कलम ५४, ही निवासी घराच्या विक्रीस लागू होते. मालक त्या घरात राहत असलाच पाहिजे, अशी अट नाही. भाड्याने दिलेले घरही निवासीच, ज्याचे भाडे घरमिळकतीचे उत्पन्न म्हणून करपात्र असते. परंतु पेठांतील वाड्यांच्या तळमजल्यावर दुकाने असतात. तो भाग निवासी नव्हे. त्याच्या नफ्यासाठी वेगळे कलम, ५४ फ, आहे आणि त्याच्या अटी कडक आहेत. कलम ५४ मध्ये केवळ नफा गुंतवला की पुरते, ५४ फ मध्ये संपूर्ण सवलतीसाठी विक्रीची निव्वळ रक्कम सारी गुंतवावी लागते, आणि नव्या घराखेरीज विक्रेत्याकडे एकाहून अधिक निवासी घरे असता कामा नयेत. म्हणून विक्रीखतात आणि मूल्यांकन अहवालात निवासी आणि व्यापारी भागांचे क्षेत्र व मूल्य वेगवेगळे दाखवणे आवश्यक आहे.

व्यापारी कुटुंबांत आणखी एक गुंता असतो. दुकानाची इमारत पेढीच्या ताळेबंदात असेल आणि तिच्यावर वर्षानुवर्षे घसारा घेतला असेल, तर ती कितीही जुनी असो, इमारतीवरील नफा अल्प मुदतीचा मानला जातो. तो नेहमीच्या दराने करपात्र होतो. हिशेबनिसास हे विक्रीपूर्वी विचारावे.

नव्या घराची सवलत आणि तिच्या मुदती

कलम ५४ ची सवलत व्यक्तीस आणि अविभक्त कुटुंबास आहे. विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत तयार घर घेतले, किंवा तीन वर्षांत घर बांधले, तर गुंतवणुकीइतका नफा करमुक्त. घर भारतात हवे आणि ते एकच. मात्र नफा २ कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरे घेण्याची मुभा २०१९ पासून आहे. दोन मुलांना दोन सदनिका द्यावयाच्या घरात ही मुभा मोलाची ठरते. सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. नवे घर तीन वर्षांत विकले तर घेतलेली सवलत परत जाते.

आयकर विवरणपत्राच्या अंतिम तारखेपर्यंत घर घेतले गेले नसेल, तर रक्कम अधिकृत बँकेतील भांडवली नफा खात्यात भरावी लागते. ही योजना १९८८ पासून आहे. अनेकांची सवलत याच ठिकाणी निसटते. पैसे साध्या मुदतठेवीत राहतात, घर पुढच्या वर्षी घेतले जाते, आणि तपासणीत सवलत नाकारली जाते. नव्या घराचा करार विक्रेत्याच्या नावे असावा. प्रेमाने मुलाच्या एकट्याच्या नावाने घेतलेले घर वादाचे कारण होते. बांधकाम चालू असलेली सदनिका घेताना ताबा मुदतीत मिळेल काय, हेही पाहावे.

रोख्यांचा पर्याय

ज्यांना नवे घर नको, त्यांच्यासाठी कलम ५४ इसीचे रोखे आहेत. ग्रामीण विद्युतीकरण निगम, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, भारतीय रेल्वे वित्त निगम यांसारख्या सरकारी संस्था ते काढतात. विक्रीपासून सहा महिन्यांत गुंतवणूक करावी लागते, कमाल ५० लाख रुपये. ही मर्यादा विक्रीचे वर्ष आणि पुढचे वर्ष मिळून एकच आहे. पैसे पाच वर्षे अडकतात, तारण ठेवता येत नाहीत, आणि व्याज करपात्र असते.

हे रोखे घ्यावेतच असे नाही. १२.५ टक्के दराने ५० लाखांवरील कर ६ लाख २५ हजार, अधिक उपकर. तेवढा वाचवण्यासाठी पाच वर्षे कमी व्याजावर पैसे बांधून ठेवणे परवडते काय, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. ज्या वृद्धेस उपचारासाठी पैसे लागण्याची शक्यता आहे, तिने काही कर भरून उरलेले पैसे मोकळे ठेवणे अधिक शहाणपणाचे. कर वाचवणे हे साधन आहे, कुटुंबाचे स्वास्थ्य हे साध्य.

भाडेकरूस दिलेली रक्कम

वाडा रिकामा करून विकला तर किंमत वाढते, म्हणून भाडेकरूस रक्कम देऊन जागा सोडवली जाते. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५६ ने भाडेकरूस हक्क सोडण्यासाठी मोबदला घेणे कायदेशीर केले आहे. जागेचा ताबा मोकळा करण्यासाठी खरोखर दिलेली रक्कम मालकाच्या नफ्यातून वजा व्हावी, ही भूमिका अनेक निवाड्यांत मान्य झालेली आहे. त्यासाठी रक्कम धनादेशाने वा बँकेतून दिलेली, लेखी हक्कसोडपत्र झालेले, आणि रकमेचा विक्रीशी संबंध स्पष्ट असावा. हातात दिलेल्या पाकिटाचा पुरावा राहत नाही, मग त्याच रकमेवर मालकास कर भरावा लागतो.

भाडेकरूंनीही हे जाणावे, कारण समाजातील कित्येक कुटुंबे मालक नसून भाडेकरू आहेत. भाडेहक्क हीही भांडवली मालमत्ता आहे. पूर्वी पागडी दिल्याचा पुरावा असेल तर ती खरेदीकिंमत, नसेल तर किंमत शून्य धरली जाते. मिळालेल्या मोबदल्यातून नवे घर घेऊन ५४ फ च्या अटींत सवलत मिळवता येते. पाऊणशे वर्षे एका खोलीत राहिलेल्या कुटुंबाला त्या रकमेवर कर येईल, हे आधी ठाऊक असणे त्याचा हक्क आहे. सज्जन मालकाने ते सांगावे.

शनिवारवाड्याची सावली आणि रेडी रेकनर

मिळकत मुद्रांक मूल्याहून कमी किमतीस विकली तर कलम ५० क अन्वये मुद्रांक मूल्यच विक्रीकिंमत मानले जाते. १० टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आहे. त्याहून अधिक फरक असल्यास न मिळालेल्या पैशांवर विक्रेत्यास कर, आणि खरेदीदारासही फरकावर कर, असा दुहेरी फटका बसतो.

शनिवार पेठेत हा प्रश्न विशेष जाणवतो. शनिवारवाडा हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. या पट्ट्यातील वाडा विकत घेणारा बांधकाम करू शकणार नसेल, तर तो रेडी रेकनरचा दर देईलच असे नाही. भाडेकरूंनी व्यापलेला, मोडकळीस आलेला, अरुंद बोळातील वाडाही असाच. अशा वेळी दोन गोष्टी कराव्यात. मुद्रांक कार्यालयात भाडेकरूव्याप्त मिळकतीच्या मूल्यांकनाच्या स्वतंत्र सूचनांचा लाभ मागावा. आणि आयकर आकारणीत, मुद्रांक मूल्य वाजवी बाजारमूल्याहून अधिक आहे असे लेखी मांडून, प्रकरण विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करावी. कायद्याने हा हक्क दिलेला आहे. त्यासाठी स्मारकापासूनचे अंतर दाखवणारा नकाशा, भाडेकरूंची यादी व पावत्या, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस, छायाचित्रे हे सारे विक्रीपूर्वी जमवावे. इमारत पाडल्यावर पुरावाही जमीनदोस्त होतो.

विकसकाशी करार

अनेक वाडे रोखीने विकले जात नाहीत. विकसक इमारत बांधतो आणि मालकास काही सदनिका व काही रक्कम देतो. पूर्वी अशा करारात सही होताच कर मागितला जाई, मालकाच्या हाती मात्र अजून वीटही आलेली नसे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने व्यक्ती व अविभक्त कुटुंबास दिलासा दिला. नोंदणीकृत विकसन करारात कर पूर्णत्वाचा दाखला मिळण्याच्या वर्षी येतो. त्या वेळी मिळणाऱ्या भागाचे मुद्रांक मूल्य आणि मिळालेली रक्कम मिळून विक्रीकिंमत धरली जाते. पण दाखला येण्यापूर्वीच मालकाने आपला भाग दुसऱ्यास विकला, तर ही सोय जाते. करार नोंदणीकृत नसेल तर ती मुळातच मिळत नाही.

दान आणि विश्वस्त संस्था

वाडा विकून त्यातील काही भाग धर्मकार्यास द्यावा, असा संकल्प कित्येक घरांत असतो. येथे क्रमाला महत्त्व आहे. आधी विकून नंतर रोख दान दिले, तर संपूर्ण नफ्यावर कर येतो, आणि दानाची कलम ८० ग ची वजावट दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून मिळत नाही. याउलट व्यक्तीने वा अविभक्त कुटुंबाने मिळकतीचा हिस्साच बक्षीसपत्राने संस्थेस दिला, तर ते हस्तांतरण भांडवली नफ्याच्या कराबाहेर राहते. वस्तुरूप दानास ८० ग ची वजावट मिळत नाही, हे खरे, पण जो कर उद्भवलाच नाही तो वाचवण्याची गरजही उरत नाही. मुद्रांक शुल्क आणि संस्थेस ती मिळकत सांभाळणे शक्य आहे काय, हे आधी पाहावे.

संस्थेच्या मालकीचा वाडा विकताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. घरासाठीची सवलत संस्थेस नाही. तिच्या करमुक्तीचे नियम स्वतंत्र आहेत. विश्वस्तांनी त्याविषयी वेगळा सल्ला घ्यावा.

रोखीचा मोह

काही भाग ‘दोन नंबर’मध्ये घ्या, म्हणजे कर वाचेल, असा सल्ला पेठेत सहज मिळतो. व्यवहाराच्याच कसोटीवर तो तपासावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून मनाई आहे, आणि दंड त्या रकमेइतकाच. रोख रक्कम नव्या घरात वा रोख्यात दाखवता येत नाही, म्हणजे सवलतीचा मार्ग त्या पैशांपुरता बंद. १२.५ टक्के कर वाचवण्यासाठी शंभर टक्के रक्कम धोक्यात घालण्यास व्यापारी बुद्धी तरी मान्यता देईल काय? तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. श्रावकाला राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून मिळवलेला लाभ व्रताला डाग लावणारा वाटावा, हे पूर्वाचार्यांनी कराचा आजचा कायदा होण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे.

विक्रीपूर्वीची तयारी

समारोपादाखल, विक्रीचा विचार मनात येताच घरात एक फाइल तयार व्हावी. मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मालमत्तापत्रक, वारसांची पूर्ण यादी, १ एप्रिल २००१ चा मूल्यांकन अहवाल, सुधारणांची बिले, भाडेकरूंच्या पावत्या, महापालिकेची कर पावती व नोटिसा ही त्यातील मुख्य. त्याच फाइलवर पाच तारखा मोठ्या अक्षरांत लिहाव्यात : विक्रीची तारीख, तिच्यापासून सहा महिने, विवरणपत्राची अंतिम तारीख, आणि दोन व तीन वर्षांच्या मुदती. विक्री झालेल्या वर्षीचा आगाऊ कर विक्रीनंतर उरलेल्या हप्त्यांत, आणि हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरावा, म्हणजे व्याज लागत नाही. हे सारे सनदी लेखापालाला साठेखताचा मसुदा तयार होण्याच्या आधी दाखवावे.

वाडा हा एका पिढीने उभारलेला, दुसरीने सांभाळलेला आणि तिसरीने सोडलेला ठेवा असतो. तो सोडताना बहिणीचा हिस्सा, भाडेकरूचा मोबदला आणि सरकारचा कर हे तिन्ही चोख मोजले गेले, तर उरलेली रक्कम भले थोडी कमी असो, ती कोणाच्या तगाद्याशिवाय नव्या घरात जाते. कायद्याने जेवढे सोडले आहे तेवढे एक रुपयाही न सोडता घ्यावे, आणि जेवढे मागितले आहे तेवढे वेळेवर भरावे. शनिवार पेठेतील ज्या घरांत हा विषय आज ना उद्या निघणार आहे, त्यांनी तो आजच भावंडांसह एकत्र बसून काढावा.